तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवर चढवलं की झालं ना?

लोकसाहित्याचे, जुन्या दप्तरांचे संशोधन-प्रकल्प संपत आले की त्यांचा डिजिटल पसारा आवरायला माझ्याकडे येतो. त्यामुळे लग्नकार्यात असो की विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, एक प्रश्न हमखास येतो: “एकदा कॉम्प्युटरवर चढवलं की कायमचं राहिलं. मग सांभाळायचं काय त्यात?”

राहत नाही हो. कागद कपाटात विसरला तरी वाळवी लागेपर्यंत वाचता येतो. फाइलकडे दहा-पंधरा वर्षं कुणी पाहिलं नाही, तर ती उघडेलच याची खात्री नाही, आणि उघडली तरी कळेल याची तर अजिबात नाही.

टिकलेल्याचं उदाहरण आधी सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, लाखाच्या वर ओव्या. नव्वदच्या दशकात संगीत आणि संगणक दोन्हींत मुरलेले बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. डेटाबेस झाला, सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. संग्रह मात्र आहे, कारण तो हातोहात पुढे जात राहिला: गुरुग्रामचं एआरसीई हे संगीताचं अभिलेखागार, मग फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँस, आणि पुढे पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेली, ग्रामीण भारताच्या नोंदी जपणारी ‘पारी’ ही वेबसाइट. २०१७ पासून तिथे या ओव्या वाचायला-ऐकायला मिळतात.

लोकांना वाटतं, अडचण जागेची असणार. हिशोब करून पाहा. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे उत्तम प्रतीचं ध्वनिमुद्रण घेतलं, तरी तासाला साधारण दोन जीबी लागतात. १२० तासांचे २५० जीबी. एवढं आज कुणाच्याही हार्ड डिस्कमध्ये मावतं.

खरा ताप मजकुराचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, १९९१ मध्ये आलं, त्यात देवनागरीही होती. पण आपले डीटीपीवाले त्यानंतरही कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप करत राहिले. त्या फाइलींत मराठी मुळात साठवलेलं नसतंच, रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की टोप्या घातलेले स्वर आणि पौंड-येनची चिन्हं दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण गोम वेलांटीत आहे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलट. कन्व्हर्टरला जोडाक्षर ओळखता आलं नाही की ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं. वर्तमानपत्रांच्या जुन्या वेबपानांवर तुम्ही हे पाहिलंच असेल.

पुस्तकी मराठीत असली चूक शब्दकोश लावून पकडता येते. ओवीत मात्र ‘इठ्ठल’ आणि ‘माज्या’ असतात. कुणी हौशीने सगळं एका फटक्यात ‘शुद्ध’ केलं, तर गाणारीची बोली गेलीच. म्हणून मूळ फाइलीला हात लावायचा नाही. शेजारी बदललेली प्रत ठेवायची आणि काय बदललं ते साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायचं.

गावांचीही तीच गत. १९९७ च्या नोंदीत ‘जि. परभणी’ असेल, तर ते गाव आज हिंगोलीत असू शकतं, कारण १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा झाला. नकाशावर ओव्या टाकू पाहणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. जुनी नोंद तशीच राहू द्या, नवा जिल्हा दुसऱ्या रकान्यात भरा. रकान्यांवरून आठवलं: एक्सेलमध्ये ‘व२’ असा मथळा असतो आणि तो म्हणजे काय, हे फक्त भरणाऱ्याला ठाऊक असतं. तो तोवर भलत्याच शहरात नोकरीला लागलेला असतो. फोन करकरून अर्थ लावण्यात माझा निम्मा वेळ जातो. खरं तर हे काम प्रकल्प चालू असतानाच एखाद्या दुपारी उरकतं, पण अनुदानाच्या अर्जात त्या दुपारीचे पैसे कुणी मागत नाही. प्रवासखर्च मागतात, परिसंवादाच्या चहाचे मागतात.

“मग काय करू?” असं विचारलंत तर: प्रत एका जागी ठेवू नका. आवाज डब्ल्यूएव्हीत, तक्ते सीएसव्हीत (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारे साधे फाइल-प्रकार), मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. रकान्यांची फोड लिहा. मग सगळं झेनोडोसारख्या, संशोधनाचा डेटा जपणाऱ्या ऑनलाइन ठिकाणी द्या. ते ‘सर्न’ या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने २०१३ पासून चालवलंय, फुकट आहे, आणि तिथे डेटाला कायमचा ओळखक्रमांक मिळतो. विभागाच्या वेबसाइटवर विसंबू नका.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. नव्वदच्या दशकात जिने टेपरेकॉर्डरसमोर गायला होकार दिला, तिने इंटरनेटला होकार दिलेला नव्हता. सासूवरची, नवऱ्यावरची ओवी नावागावासकट साऱ्या जगाला ऐकवायची का, हे तिला, आणि ती नसेल तर तिच्या लेकीसुनांना, विचारायला हवं. पारीची माणसं जुन्या नोंदींतली नावं-गावं घेऊन गायिकांकडे परत गेली, तशी. ज्या संग्रहात गाणारीचं नावच टिपलेलं नाही, तिथे विचारणार कुणाला? असा डेटा आला की मी सांगते, ऑडिओ बंद ठेवा, नुसती सूची खुली करा. यावर माझी भांडणं होतात.