तांबडा-पांढरा खुशाल, पण भाकरी जपून

कोल्हापुरात गहू वर्ज्य असणाऱ्याचं जेवणावाचून फारसं अडत नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, ज्वारीची भाकरी, भात. चपाती नको म्हटलं की झालं, असं वाटतं. पण सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर खरी गोम भाकरीतच आहे.

काही हॉटेलांत भाकरी चिरू नये, झटपट लाटता यावी म्हणून ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळतात. गार झाल्यावरही मऊ राहून घडी पडत असेल तर संशय घ्यायचा. निव्वळ ज्वारीची कडेला तडकते. पीठ शुद्ध असलं तरी गिरणीत आधी गहू दळलेला असतो, शिवाय चपातीचा तवा आणि लावायची पिठी तीच. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं, आणि सिलिॲकवाल्यानं दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. त्यामुळे खात्री नसेल तिथे साधा भात.

पांढऱ्या रश्शात मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस असायला हवी. दाटपणासाठी मैदा लावलाय का, तेवढं विचारायचं. शाकाहारी थाळीत आमटीच्या फोडणीतला हिंग बघा: डबीतल्या बांधणी (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचे घटक वाचायला मागितले तर कुणी रागावत नाही.

मिसळ खायची तर कट आणि मटकीच घ्या, ब्रेड आणि फरसाण नको. शेव बेसनाची असली तरी मैद्याच्या पापडीच्याच डब्यातून, त्याच वाटीनं येते. भजी, वडे समोशाच्या तेलात तळलेले असतील तर सोडा. ‘उकळत्या तेलात सगळं जळून जातं’ हा गैरसमज आहे, ग्लुटेन उष्णतेनं नाहीसं होत नाही. चायनीजच्या गाड्यावर नेहमीच्या सोया सॉसमध्येच गहू असतो.

वेटरला ‘ग्लुटेन’ म्हटलं तर तो डाएट समजून मान डोलावतो. त्यापेक्षा सरळ बोला: ‘दादा, गहू, मैदा, रवा आजारामुळे अजिबात चालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. आचाऱ्याला विचारून सांगा.’ दुपारी साडेबाराच्या आत गेलात तर आचारी स्वतः बाहेर येऊन बोलतो, धुतलेला डाव-पळी वापरतो. रविवारी दीड वाजता मटणाच्या गर्दीत हे कुणी करणार नाही.