पद्मिनीच्या स्टेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढला, माझा अनुभव

"जुनी गाडी आहे, स्टेअरिंग असंच असणार" हे मी इतक्या लोकांकडून ऐकलं की एक काळ मलाही ते पटायला लागलं होतं. आता नाही पटत. प्रीमियर पद्मिनी, लोक जिला फियाटच म्हणतात, मुळात बरी चालणारी गाडी आहे, पुढे विशबोन (चाक धरणारे हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), वजन जेमतेम ९०० किलोच्या आसपास. मुंबईत टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं दिवसरात्र हाणली, ती काय अशीच भरकटत होती का?

माझी गाडी १९८४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. इंजिन झकास, पण साठच्या वर गेलं की सरळ रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग सतत डावीकडे उजवीकडे करत बसायचं. मधोमध वीतभर प्ले. बाजूने ट्रक गेला की गाडी अख्खी सरकायची. आणि वाईच्या वरच्या पसरणी घाटात वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून परत यायचं नाही, हाताने ओढून आणावं लागायचं, ही तर सगळ्यात वाईट गोष्ट कारण पुढचं वळण लगेच उलट्या बाजूला असतं.

हे परत न येणं कशामुळे ते नंतर कळलं. आधी एका गॅरेजमध्ये प्ले दाखवला होता तेव्हा त्यांनी स्टेअरिंग बॉक्सच्या (स्टेअरिंगचा फेरा चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीच्या) डोक्यावरचा स्क्रू आवळून दिला होता, पाच मिनिटांचं काम. बॉक्सच्या आत वर्म (आट्यांचा दांडा) आणि त्यावर चालणारा रोलर असतो. गाडी नव्वद टक्के वेळ सरळ चालते, त्यामुळे वर्म मधल्या भागात झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवाच राहतो. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की टोकांना तो आवळून धरतो, म्हणजे वळणात स्टेअरिंग जाम. वर त्याने झीज आणखी वाढते ते वेगळंच.

मग एका ओळखीच्यांनी धनकवडीच्या बाजूला राहणाऱ्या एका काकांचं नाव सुचवलं. उभा जन्म मुंबईत फियाट टॅक्सीवर काम केलेले, आता मुलाकडे पुण्यात असतात, गॅरेज वगैरे नाही पण कोणी पद्मिनी घेऊन आलं की नाही म्हणत नाहीत. मी बॉक्स बदलायचं विचारलं तर म्हणाले, "साहेब, बॉक्सला शेवटी हात लावायचा. आधी जमिनीपासून वर येऊ." आणि तो आवळलेला स्क्रू त्यांनी पहिल्यांदा ढिला केला. गाडी होती त्यापेक्षा वाईट झाली, मी काही बोललो नाही.

पहिली तपासणी तर कोणीही घरी करू शकतो म्हणून नीट सांगतो. गाडी चारही चाकांवर जमिनीवरच उभी, इंजिन बंद. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं हलवत राहायचं, फक्त प्लेपुरतं, आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली झोपून एकेक जॉइंटवर बोट ठेवायचं. बॉक्सपासून चाकांपर्यंत ओळीने: ड्रॉप आर्म, मधला रॉड, पलीकडच्या बाजूचा आयडलर आर्म, टाय रॉड एंड. अर्धं बोट एका भागावर अर्धं दुसऱ्यावर, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. माझ्या गाडीत आयडलरचा बुश (भोकातली झिजणारी नळी) पार गेलेला, दोन टाय रॉड एंड खुळखुळत होते, आणि गंमत म्हणजे बॉक्स स्वतःच हलत होता! म्हणजे बोल्ट टाईट, पण ज्या पत्र्यावर तो बसतो तो पत्रा गंजून मऊ झालेला आणि स्टेअरिंग फिरवलं की आधी पत्रा वाकायचा मग चाक वळायचं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं पेलते, त्यामुळे तिथला गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. नवा बॉक्स आणून बसवला असता तरी काडीचा फरक पडला नसता.

दुसरी तपासणी किंग पिनची, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिची. पुढून जॅक लावून घोडी (स्टँड) ठेवली, चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवलं, खटखट आली. आता ती खटखट बेअरिंगची का किंग पिनची? काकांनी मला आत बसून ब्रेक दाबायला लावलं. ब्रेक दाबला की चाक आणि ते ज्यावर फिरतं तो स्टब अ‍ॅक्सल एक होतात, म्हणजे बेअरिंगचा प्ले गायब होतो, तरीही हललं तर किंग पिन. उजवीकडे गायब झाला, डावीकडे राहिला. उजवीकडे बेअरिंग नीट सेट करून स्प्लिट पिन नवी टाकली की भागलं असतं, पण किंग पिन एका बाजूची बदलू नये म्हणून दोन्ही केल्या.

सामान मिळवणं हा वेगळाच उद्योग. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ ला पासिंग झाली आणि वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हापासून दुकानदारांना हा माल ठेवण्यात रस उरलेला नाही. नाना पेठेत फिरून टाय रॉड एंड मिळाले, आयडलरचा बुश लेथवर करून घेतला, किंग पिनचा किट मात्र मुंबईहून ओळखीतून मागवला. जाताना व्हर्निअर बरोबर न्या. एकाच डब्यातल्या दोन पिना वेगळ्या जाडीच्या निघालेल्या मी बघितल्यात, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

किंग पिन बसवणं हे काम बघण्यासारखं. जुनी पिन वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्यामुळे गंजून बसलेली, आधी कॉटर (पिन अडकवणारी खुंटी) काढला मग डिझेल मारून रात्रभर ठेवली, दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्याकडे नेऊन काढावी लागली. नवे बुश दाबून बसवले की त्यांचं भोक थोडं आवळतं, पिन जात नाही. इथे बरेच लोक पॉलिश पेपर घासून पिन ठोकतात आणि मग स्टेअरिंग जड झालं म्हणून रडतात. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत यायला पाहिजे म्हणून लांब रीमर (भोक नेमकं मोठं करणारं हत्यार) एकदमच दोन्हीतून फिरवायचा, थोडं कापायचं, पुसायचं, पिन घालून बघायची, परत थोडं. काकांची पारख अशी की तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली पाहिजे पण आपल्या वजनाने खाली पडता कामा नये. बुशमधलं ग्रीसचं भोक निपलच्या समोर आलंय का हे बुश दाबायच्या आधी बघायचं, नंतर बघून उपयोग नाही. ग्रीस मारताना चाक उचललेलंच हवं, नाहीतर वजनामुळे खालच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये ते शिरत नाही.

आत हात गेलेलाच होता म्हणून विशबोनचे रबर बुशही बदलले. कॉइल स्प्रिंग काढताना मस्करी नको, कॉम्प्रेसर लावूनच, तो सुटला तर हाडं मोडतो. आणि एक गोष्ट जी मला माहीत नव्हती, या रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं लावून गाडी जमिनीवर सोडायची, पुढून दोन-चारदा दाबून बसू द्यायची, मग खाली शिरून आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आली की रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, लवकर फाटतं आणि गाडी उंच बसते.

मागचं थोडक्यात. पाटे उतरवले तर त्यात आधीच्या मालकाने सामान लादायला एक जादा पान घातलेलं होतं, त्यामुळे मागून गाडी प्रत्येक खड्ड्यात उड्या मारायची आणि उडालेलं चाक रस्ता धरणार कसा? पान काढलं, बाकीची पानं घासून ग्रॅफाइट ग्रीस लावलं, शॅकलचे (पाटा बॉडीला टांगणाऱ्या कड्यांचे) रबर नवे. पाटेवाला कमान वाढवून देतो म्हणत होता, नको म्हणलं, होती तेवढी पुरे.

बॉक्सखालच्या पत्र्याला आतून जाड प्लेट वेल्ड करून घेतली आणि मग शेवटी बॉक्सचा स्क्रू. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतंय ते मोजून बरोबर निम्म्यावर आणलं, तिथे अगदी थोडा प्ले ठेवून सेट केला, दोन्ही टोकांना मोकळं फिरतंय बघितलं. गंमत बघा, वीतभर प्लेमध्ये बॉक्सचा वाटा दोन बोटांचाही नव्हता. नव्वद नंबरचं तेल भरलं.

टायर मूळचे ५.२०-१४ क्रॉस-प्लाय (जुन्या पद्धतीचे, तिरप्या दोऱ्यांचे) होते, ते रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे जातात, जसं काही बैलाला ओळखीची वाट दिसली. चारही रेडियल घातले, दोन-दोन असं मिसळायचं नाही. पार्किंगमध्ये स्टेअरिंग जरा जड झालंय हे कबूल. अलाइनमेंटवाल्याच्या मशीनमध्ये पद्मिनी हे नावच नाही, पोरगा माझ्याकडे बघायला लागला, मग आकडे हाताने टाकले. जुन्या पुस्तकातला टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) क्रॉस-प्लायसाठी आहे, रेडियलला त्यापेक्षा कमी लागतो, त्यामुळे अगदी नावापुरता ठेवायला सांगितला. आणि त्याने गाडी घेण्याआधी स्टेअरिंग बॉक्स मध्यावर धरून ठेवायला लावा, नाहीतर नंतर स्टेअरिंगचं चाक उपटून सरळ बसवतात आणि आपण केलेलं सेटिंग पाण्यात.

ओळखीतल्या एकाने आपल्या पद्मिनीला मारुतीचं पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलंय, मलाही आग्रह चाललाय. चालवून बघितली, हलकी आहे, पण हातात काही लागतच नाही, पुढची चाकं कुठे बघतायत ते कळत नाही. माझ्या गाडीत आता अगदी थोडा प्ले आहे, तो वर्म-रोलरला असतोच, पण ऐंशीला सरळ जाते आणि पसरणीच्या वळणातून बाहेर पडताना हात सैल सोडला की स्टेअरिंग तळहातातून सरकत आपलं आपण मध्यावर येतं. ब्रेक मारला की अजून किंचित डावीकडे ओढते, ते ड्रमचं काम दिसतंय, काका गावाहून आले की बघणार आहेत.