तुम्ही विचारलेत म्हणून: सूर नसला तर भजनी मंडळात यावे का?

"मला सूर नाही हो, तरी तुमच्या मंडळात घ्याल का?" हा प्रश्न हळदीकुंकवाला, बाजारात, कार्यक्रम संपल्यावर मी पेटीचा भाता मिटत असताना इतक्या जणी विचारतात, की एकदा नीट लिहून उत्तर द्यावे असे वाटले. उत्तर 'हो, घेऊ' असेच आहे. पण तोंडी दिले की विचारणारीला ते भिडेखातर दिल्यासारखे वाटते आणि ती पुन्हा फिरकत नाही. आमचे महिला भजनी मंडळ बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातले आहे आणि मी त्यात पेटी वाजवते. पेटीवर बसणारीला प्रत्येकीचा आवाज वेगळा ऐकू येतो, त्यामुळे कोणाच्या सुराचे पुढे काय होते हे मला चांगले ठाऊक आहे.

भजनाची घडणच अशी आहे की त्यात एकीने गायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे असते. मुख्य गाणारी अभंगाचा चरण म्हणते, तो आळवते, तयारीप्रमाणे त्यात दोन-चार जागा घेते आणि धृपदाच्या, म्हणजे दर चरणानंतर परत येणाऱ्या ओळीच्या, तोंडाशी आणून सोडते. तिथून धृपद आम्ही उचलायचे. हे उचलणे दिसते तितके सोपे नाही. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा कोणासाठी थांबत नाहीत, म्हणून मुख्य गाणारीचे शेवटचे अक्षर संपते न संपते तोच मागच्या बायकांचा श्वास घेऊन झालेला असावा लागतो. तो उशिरा घेतला की धृपदाचे पहिले अक्षर गिळले जाते, आणि दर आवर्तनाला गिळले जाते. काय बिघडले ते श्रोत्यांना सांगता येत नाही, परंतु भजन रंगले नाही एवढे त्यांना कळते. जिचे कान मुख्य गाणारीकडे लागलेले असतात तिचा श्वास वेळेवर होतो, मग गळा कसाही असो. गोड गळ्याच्या पण आपल्याच गाण्यात रमणाऱ्या बाईचा तो क्वचितच होतो.

आता सुराविषयी. "मला सूर नाही" म्हणणाऱ्या बहुतेकींना माझ्या अनुभवाप्रमाणे सूर असतो; त्यांना पट्टी, म्हणजे आपल्या आवाजाला सोयीचा मूळ सा, मिळालेली नसते. शाळेच्या प्रार्थनेत किंवा देवळातल्या आरतीत कोणीतरी भलत्याच उंच पट्टीत सुरुवात केलेली असते, आपला आवाज तिथवर पोहोचत नाही, शेजारची वळून बघते आणि तेव्हापासून गाणे बंद होते. मंडळातही पट्टीचा प्रश्न रोजचाच आहे. तरुण मुली काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून) मोकळ्या गातात. साठीच्या पुढच्या बायकांचा आवाज उतरलेला असतो आणि त्या पट्टीत तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला गंधार लावायचा म्हणजे त्यांना ओरडावेच लागते. त्यांच्यासाठी पट्टी पांढरी चारपर्यंत खाली आणली, तर चाल जिथे मंद्रात (खालच्या सप्तकात) धैवतापर्यंत उतरते तिथे मुलींचे नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणून आम्ही बरेचसे अभंग पांढरी पाच किंवा काळी चारमध्ये धरतो, म्हणजे गैरसोय सगळ्यांची होते, पण थोडी थोडी होते. चाल फार वर जाते ती ओळ कोणी सोडायची आणि फार खाली उतरते ती कोणी, हे वहीत पेन्सिलीने लिहिलेले असते. ओळ सोडणे ही मंडळातली सर्वांत उशिरा येणारी विद्या आहे, कारण भजन ऐन रंगात आले असताना तोंड मिटून नुसते टाळ वाजवत बसणे कोणालाही आवडत नाही.

श्वासाचेही असेच आहे. लांब ओळीच्या मध्यावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर तिथे भोक पडते, म्हणून शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघींनी तो वेगवेगळ्या अक्षरांवर चोरायचा असतो. कमी दमाच्या बाईला एकटीने अभंग म्हणणे जड जाते. समूहात तिच्या थांबण्याची जागा आधीच ठरलेली असते आणि ऐकणाऱ्याला तिचा दम कमी आहे याचा पत्ताही लागत नाही. उलट शास्त्रीय संगीत शिकून आलेल्या बाईला सामावून घेणे अधिक कठीण जाते. तिच्या धृपदात मुरकी येते, मींड येते, असे स्वरांचे अलंकार येतात, आणि सरळ गाणाऱ्या दहा जणींच्या मधोमध ती कितीही सुरेल असली तरी खटकते. मुरक्या सोडायला तिला बराच काळ लागतो. काही जणी तो देतात, काही जणी येईनाशा होतात.

वडगाव आणि खासबागेत विणकरांची वस्ती मोठी आहे. आमच्यातल्या एक मावशी अशाच घरच्या. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्या बोलतात मोठ्याने आणि गातात त्याहून मोठ्याने, आणि त्यांचा सूर ठरलेल्या पट्टीच्या थोडा वरच लागतो. लय मात्र कधी ढळत नाही. त्यांना तबल्याशेजारी बसवून टाळ दिले. टाळाची एक वाटी स्थिर धरून दुसरीची कड तिच्यावर तिरपी लागली, तर नाद मोकळा होतो. वाटीवर वाटी सपाट आदळली तर तो कोंडतो. हे मावशींना एका बैठकीत जमले. आता टाळाचा नाद स्वतःला नीट ऐकू यावा म्हणून त्या आपणहून हळू गातात, आणि हळू गायल्या की सूरही जागेवर येतो. लाइट गेली की माग थांबतात, आणि त्या दिवशी मावशी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर असतात.

कन्नड येत नाही म्हणून बिचकणाऱ्याही पुष्कळ असतात. आमच्या भागातल्या कार्यक्रमात दासरपदाची (कन्नड हरिदास संतांच्या पदाची) फर्माईश हमखास होते, आणि आमच्या मंडळातल्या दोन अक्का घरी कन्नडच बोलतात. ही पदे आम्ही देवनागरीत उतरवून घेतो, आणि तिथेच घोटाळा होतो: कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे लिहितात, आपल्या देवनागरीत ती सोय नाही. वहीत बघून गाणारी ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ म्हणते, ओळ मात्रेने लांबते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते. अक्का दीर्घ स्वरावर आडवी रेघ मारून देतात, मग ताल जुळतो. 1 नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची (राज्याच्या स्थापना दिनाची) मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी भाषकांच्या निषेधाच्या काळ्या दिनाची फेरी. त्या दिवशी आम्ही सराव ठेवत नाही, कारण घरी परतायला रिक्षा मिळत नाही.

मंचाची भीती हे न येण्याचे दुसरे कारण. कुमार गंधर्व रंगमंदिरात स्पर्धेला बसले की ही भीती आम्हा सर्वांनाच वाटते. ज्यांच्या नावाचे ते सभागृह आहे ते 1924 साली इथून जवळच सुळेभावीत जन्मले, आणि त्या नावाखाली बेसूर होण्याची तयारी कोणाचीच नसते. परंतु खरी अडचण माइकची असते. मुख्य गाणारीला एक, पेटीला एक, तबल्याला एक, आणि उरला तर मागच्या सगळ्यांत मिळून एक, अशी वाटणी आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. ध्वनियोजना करणाऱ्याच्या लेखी धृपद म्हणजे गर्दीचा आवाज. मागच्या ओळीला पेटी ऐकू येत नाही, सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज तेवढा येतो, आणि त्याच्या मागे गेले की लय पडते. म्हणून आम्ही दोन सरळ ओळींत बसत नाही, अर्धवर्तुळ करतो, म्हणजे शेवटच्या बाईलाही माझा हात दिसतो आणि तबल्याचा डग्गा कानावर येतो. आयोजकांना ही बैठक फोटोसाठी गैरसोयीची वाटते.

मंचाबाहेरच्या बैठका यापेक्षा कितीतरी अधिक असतात. 2023 मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा निज श्रावण धरून दोन महिने आमंत्रणे थांबली नव्हती, आणि बेळगावच्या त्या पावसात तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, दर अभंगाला सुरातून उतरत होती. ओटी, नारळ आणि यजमान देतील ती दक्षिणा एवढेच मिळते. दक्षिणा तबलजींच्या मानधनात आणि पेटीच्या दुरुस्तीत जाते. कोणाकडे दुःखाचा प्रसंग घडला की संध्याकाळी भजनाला बोलावणे येते. तिथे माइक नसतो, टाळही दाबूनच वाजवायचे असतात. एकदा आमच्यातल्याच एकीच्या घरी तिच्या सासूबाईंमागे असे बसलो होतो. तिने गायचा हट्ट धरला, पहिला चरण म्हटला, आणि दुसऱ्याच्या मध्यावर तिचा आवाज बसला. चरण म्हणणे हे तिचे काम होते, आमचे नव्हे. तरी मागच्या ओळीतल्या एकीने ती ओळ तिथूनच उचलली आणि धृपदापर्यंत नेली. उचलणारी बाई मंडळात आली तेव्हा हाच प्रश्न विचारत आली होती.

तेव्हा यायचे असेल तर श्रावणाच्या पुष्कळ आधी या, कारण कार्यक्रम सुरू झाले की शिकवायला कोणाला सवड नसते. पहिले काही महिने फक्त धृपदे म्हणायची, माझ्या डाव्या बाजूला बसून. एक वही आणि पेन्सिल आणावी. टाळ मात्र लगेच विकत घेऊ नयेत. मंडळाचे जोड आहेत, आणि कोणता जोड हाताला बसतो हे वाजवल्याशिवाय कळत नाही.