शहाच्या चेहऱ्यावर तीन ओळी

इराणच्या आखाती किनाऱ्यावरच्या बुशायरमध्ये, ब्रिटिश रेसिडेन्सीत मी जुळारी होतो, म्हणजे छपाईसाठी शिशाचे अक्षरखिळे जुळवणारा. कॉन्सुलेटचं कामही तिथूनच चाले. लोकांना वाटतं, तिथं नुसत्या मेजवान्या आणि पासपोर्ट. आमच्या दाराशी पळून आलेले गुलाम सुटकेचा दाखला मागायला बसलेले असत, हिंदी व्यापारी मालाचे तंटे घेऊन येत. मी नुसते नमुने जुळवायचो.

१९१५ च्या १२ जुलैला जवळच्या तंगिस्तान भागातल्या टोळ्यांनी हल्ला केला. मेजर ऑलिफंट आणि कॅप्टन रँकिंग हे ब्रिटिश अधिकारी मारले गेले. ८ ऑगस्टला ब्रिटिश फौजेनं शहर ताब्यात घेतलं. फौजेत ९६ वी बेरार इन्फंट्री होती. नावात वऱ्हाड, म्हणून मराठी कानावर पडेल या आशेनं मी दोनदा छावणीत जाऊन आलो.

टपाल कचेरीही ताब्यात आली. हिंदी टपालाची कचेरी गावात १८६४ पासून होतीच, त्यामुळे पत्रांचं काही अडत नव्हतं. तरी हुकूम आला: इराणी तिकिटांवर आपला मजकूर छापायचा. बुशायर, अंडर ब्रिटिश, ऑक्युपेशन. तीन ओळी, शेवटी पूर्णविराम.

तिकिटाची जागा नखाएवढी. ठसा जरा जास्त दाबला की कागद फुगतो, कमी दाबला की अक्षर अर्धं उठतं. आणि ही तिकिटं दोन रंगांची, हॉलंडमध्ये छापलेली, देखणी. त्यांच्यावर माझं जाडंभरडं काळं अक्षर. मी ओळींमधल्या शिसपट्ट्या काढून ओळी जवळ आणल्या, चार कच्च्या प्रती काढल्या. एकही तिकीट फुकट जाऊन चालणार नव्हतं, कारण प्रत्येक तिकीट म्हणजे रोकड. ताव मोजून यायचे, मोजून जायचे.

मोजायला टपाल कचेरीतले मिर्झा बसले होते. साठीचे, टपालाच्या कामापुरतं फ्रेंच वाचणारे. सकाळभर ते बोलले नाहीत. पहिला ताव निघाला तेव्हा उठून माझ्याजवळ आले.

“आगा, चेहरा सोडून छापता येईल?”

तिकिटावर इराणचा बादशहा अहमद शहा. अकरा-बारा वर्षांचं पोर असतानाचं चित्र, मोठे डोळे. मी मनापासून प्रयत्न केला. ठसा खाली सरकवला तर किंमतीचे आकडे झाकले जातात, आणि आकडे दिसलेच पाहिजेत. वर नेला तर मथळ्यावर येतो. तीन ओळी दुसरीकडे कुठं मावेनात.

“नाही जमत, मिर्झासाहेब.”

त्यांनी मान हलवली आणि जागेवर जाऊन मोजायला लागले.

दुपारी मला दिसलं, काही तिकिटांवर शेवटचा पूर्णविरामच नाही. तेवढे बारीक खिळे आमच्या पेटीत नव्हते. जुळवताना मी त्या जागी कोरा खिळा बसवला होता आणि विसरलो होतो. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, चालू दे, घाई आहे. चालू दे म्हणणारे वरिष्ठ मला कधीच आवडले नाहीत. छपाईत टिंब गेलं तर जुळाऱ्याचं नाव जातं.

ऑक्टोबरात शहर इराणी कारभाराकडे परत गेलं. त्या छपाईची गरज जेमतेम दोन महिने होती. आज ती टिंब नसलेली तिकिटं संग्राहक भिंगाखाली धरून शोधतात, आणि नकली छापेही भरपूर फिरतात. कुणी आणून दाखवलं की मी ओळींमधलं अंतर बघतो, मग नकळत त्या पोराच्या डोळ्यांकडे.

“दोन ओळी केल्या तर?” एवढं मी साहेबांना विचारलंच नाही. हुकूम तीन ओळींचा होता. पण ‘अंडर ब्रिटिश ऑक्युपेशन’ एका ओळीत मी छोट्या अक्षरांत बसवू शकलो असतो का? अजूनही रात्री मनातल्या मनात खिळे मांडून बघतो. कधी बसतात, कधी एक अक्षर जास्त होतं.

त्या संध्याकाळी मिर्झांनी शेवटचा ताव मोजला, बेरीज लिहिली, सही केली. ताव बांधताना प्रत्येक गठ्ठा त्यांनी पालथा ठेवला होता.