तुम्ही विचारलंत म्हणून: नवा पोर्ट येईपर्यंत थांबू का?

ओळखीत कुणी लाखभराचा मॉनिटर घ्यायला निघालं की फोन मला येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो, कॉम्प्युटरमधून मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या डिस्प्लेपोर्ट या जोडणीबद्दलचा. "ग्राफिक्स कार्डावर डिस्प्लेपोर्ट २.१ आहे, मॉनिटरवर मात्र १.४ च. एवढे पैसे मोजून जुनाच पोर्ट का? थांबू का थोडं?" मी दरवेळी वेगळं उत्तर देतो, असं परवा एकाने तोंडावर सांगितलं. खरं आहे ते. म्हणून एकदा सगळंच लिहून टाकतो.

डिस्प्लेपोर्ट १.४ आलं २०१६ मध्ये. त्यातून सेकंदाला प्रत्यक्षात २५.९२ गिगाबिट एवढंच चित्र जातं. फोर-केचं बारीक चित्र, २४० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला २४० चित्रं) आणि १० बिट (जास्त छटांचे) रंग हवे असतील तर नुसत्या पिक्सेलनाच जवळजवळ ६० गिगाबिट लागतात. म्हणून चित्र डीएससी नावाच्या कॉम्प्रेशनने दाबून बसवायचं. जून २०१९ मध्ये डिस्प्लेपोर्टचं स्टँडर्ड लिहिणाऱ्या व्हेसा या संस्थेने २.० जाहीर केलं. प्रत्यक्ष क्षमता ७७ गिगाबिटच्या वर (कागदावर ८०), आणि पहिली उपकरणं २०२० च्या अखेरीस बाजारात दिसतील असा अंदाजही त्यांनीच दिला. तो अंदाज मी शब्द दिल्यासारखा धरून चाललो.

२०२१ च्या सुरुवातीला माझ्या मामेभावाने मॉनिटर निवडला. पहिली नोकरी, घरून काम, मुक्काम सांगलीला. २७ इंची, फोर-के, १४४ हर्ट्झ, पोर्ट १.४, सोबत डीएससी. पैसे त्याने स्वतः साठवलेले. फोनवर म्हणाला, "दादा, घेऊ ना?" मी त्याला अर्धा तास समजावलं. दाबलेलं चित्र ही भेसळ आहे, २०१८ मध्ये २,००० डॉलरच्या मॉनिटरवर १४४ हर्ट्झसाठी लोकांना रंगांची माहिती कापून घ्यावी लागली होती, पुन्हा तसं कशाला फसायचं, वर्षभर कळ काढ. त्याने ऐकलं. माझं तो नेहमीच ऐकायचा.

वर्ष गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स कार्डांची ४० मालिका आली, तीही १.४ घेऊनच. मी म्हटलं, आणखी थोडं. डिसेंबरात तिची स्पर्धक एएमडीची २.१ वाली (२.० चीच पुढची आवृत्ती) कार्डं आली, पण ती ५४ गिगाबिटची, आणि त्यांना जोडायला भावाच्या टेबलावर मावेल असा मॉनिटर नव्हता. २०२३ मध्ये सॅमसंगचा आला तो ५७ इंची. पूर्ण ८० गिगाबिटचा ३२ इंची मॉनिटर गिगाबाइटने आणला २०२४ मध्ये. मी लगेच भावाला फोन लावला, "आला रे, आला!" तोवर त्याचं लग्न झालं होतं, पुण्यात बिऱ्हाड होतं, मुलगी दोन महिन्यांची होती. तो हळू आवाजात बोलत होता, ती नुकतीच झोपली होती. म्हणाला, "दादा, आता कधी बसणार मी गेम खेळायला?"

तक्रारीचा सूरही नव्हता त्याच्या आवाजात, आणि तेच मला लागलं. त्या लॉकडाऊनच्या संध्याकाळी, त्या रिकाम्या रात्री त्याला पुन्हा मिळणार नाहीत. त्या त्याने ६० हर्ट्झच्या जुन्या पडद्यापुढे काढल्या, माझ्या सांगण्यावरून. तो पडदा अजून सांगलीला आहे. मामा त्यावर सोसायटीचे हिशेब बघतात.

मी चुकलो का? अंदाज मी बांधला नव्हता, ज्यांनी स्टँडर्ड लिहिलं त्यांचाच होता. कोविडमुळे कंपन्यांना एका ठिकाणी जमून उपकरणं एकमेकांना जोडून तपासता आली नाहीत, हे कुणाला आधी दिसणार होतं? पण खरं सांगायचं तर कोविड हे अर्धंच कारण. जोडणीचं काम डीएससीने भागत होतं. मॉनिटरमधल्या स्केलर चिपा (आलेलं चित्र पडद्यावर बसवणाऱ्या) १.४ साठी तयार होत्या, नव्या घडवायला वेळ आणि पैसा जातो. त्यात सर्वात जास्त विकली जाणारी कार्डंच १.४ वर, मग मॉनिटरवाल्याने घाई का करावी? एनव्हिडियाने २.१ दिलं तेव्हा २०२५ उजाडलं होतं. हे गणित मला २०२१ मध्येही मांडता आलं असतं. मी फक्त गिगाबिट मोजत बसलो.

आणि ती भेसळ? डीएससी बंद-चालू करता येईल असा मॉनिटर गेल्या वर्षी मी घेतला. बायकोला बटण दाबायला लावून मी पाठ फिरवून उभा राहायचो, मग वळून बघायचो. मला ओळखता आलं नाही. तरीही २०२१ मधला मी पूर्ण खोटा नव्हता. डीएससी चालू असताना काही कार्डांवर खेळातून बाहेर पडलं की पडदा दोन-तीन सेकंद काळा व्हायचा, चित्र आधी जास्त बारीक बनवून मग पडद्याच्या मापाला आणायची कार्डाची सोय बंद पडायची. पूर्ण वेगाची साधी केबल तर जेमतेम मीटरभराची. कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलाखाली ठेवलं की पुरत नाही. ३ मीटरच्या केबलची घोषणा झाली २०२५ च्या जानेवारीत.

नावाचा राग मात्र मी सोडणार नाही. ४० गिगाबिट, ५४ गिगाबिट, ८० गिगाबिट, तिघांनाही '२.१' म्हणायची मुभा आहे. ज्या चित्रासाठी माणूस नवा पोर्ट मागतो ते ४० वाल्यातून दाबल्याशिवाय जातच नाही. खोक्यावर २.१ वाचून घेणाऱ्याने हे कुठून ओळखायचं? तेव्हा आकडा विचारा. दुकानदाराला सांगता आला नाही तर तो १.४ समजूनच किंमत ठरवा.

आता एचडीएमआय २.२ आलंय, टीव्ही-मॉनिटरच्या दुसऱ्या जोडणीची नवी आवृत्ती, ९६ गिगाबिटची. परवा ज्याने मला तोंडावर सुनावलं, तो त्याबद्दलच विचारत होता. सकाळी मी त्याला म्हटलं, थांब. दिवसभर चैन पडेना. रात्री परत फोन करून म्हटलं, घेऊन टाक.

"अहो, सकाळी तर थांब म्हणालात," तो म्हणाला.