सायलेन्सरचा ब्रॅकेट तीनदा गेला, दोष त्याचा नव्हताच

सहा दिवस, साधारण चौदाशे किलोमीटर. त्यातले 42 किलोमीटर अजून माझ्या मनगटांत आहेत. जुन्या धाटणीची, एका सिलिंडरची मोटारसायकल घेऊन लांब जाणार असाल तर हे वाचा. पंक्चर काढणं आणि चेन ताणणं येतं असं धरून चालतोय. येत नसेल तर आधी ते शिका, मग निघा.

निघण्यापूर्वी गाडी तपासणारा म्हणाला होता, "या गाड्या हलणारच, तीच तर मजा." मीही मान डोलावली. पहिल्याच संध्याकाळी सायलेन्सरला फ्रेमशी धरून ठेवणारा मागचा ब्रॅकेट तुटला. वेल्डिंग करून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा गेला, वेल्डिंगला अगदी लागून. दुसऱ्या वेल्डरने जाड पट्टी ठोकली, पहिल्याच्या तिप्पट पैसे घेतले आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता गाडी मोडेल, हे नाही मोडणार." अर्धं खरं ठरलं. पट्टी शाबूत राहिली, फ्रेमकडचा बोल्ट तुटला. (बॅटरीची वायर न काढताच तो वेल्डिंगला बसला होता. वेळीच लक्ष गेलं म्हणून वाचलो. गाडीवर वेल्डिंग असेल तेव्हा आधी बॅटरी सोडवा, समोरचा कितीही घाईत असो.)

बोल्ट तुटला तो त्या 42 किलोमीटरमध्ये. "थोडासा कच्चा आहे" असं तिघांनी सांगितलेला हा रस्ता खडीचा, आणि पन्हळी पत्र्यासारखा आडव्या लाटांचा. हळू चालवलं तर दात वाजतात. वेग वाढवला तर हादरे कमी वाटतात खरे, पण चाक जमिनीला धड टेकत नाही आणि ब्रेक नावापुरता उरतो. दुसरा रस्ता दीडपट लांब असला तरी तो घ्या. "मला जमेल" वगैरे नको. मलाही जमलंच की, बघा काय झालं ते.

तिथेच कडेला बसून तो तुटलेला बोल्ट नीट बघितला, आणि सहलीतलं पहिलं शहाणपणाचं काम झालं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा. उरलेला भाग खरबरीत आणि चकचकीत. म्हणजे बोल्ट खड्ड्यात एका दणक्याने गेला नव्हता. चीर आधीपासून रोज थोडी थोडी पुढे सरकत होती, शेवटच्या हादऱ्याने फक्त निकाल लावला. तोंड सगळंच खरबरीत असतं तर दोष रस्त्याला दिला असता. इथे कोणीतरी सतत ओढत होतं.

ओढत होतं इंजिनच. हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, वरून फ्रेमशी बांधणारी एक पट्टी असते, टाकीखाली लपलेली, म्हणून कोणी बघत नाही. टाकी उचलली. पट्टीच्या बोल्टभोवती कुंकवासारखी बारीक तांबूस पूड साचली होती. दोन लोखंडी भाग सैल राहून एकमेकांवर घासले की हीच पूड पडते. ती दिसली की पाना लावायच्या आधीच समजा, जोड ढिला आहे. बोल्ट पाऊण आटा फिरला. इंजिन वर डुलत होतं, सायलेन्सरचा पाइप त्याच्याबरोबर हलत होता, आणि दुसरं टोक फ्रेमला जखडलेल्या ब्रॅकेटच्या नशिबी सगळा ताण येत होता. ब्रॅकेटची पट्टी जितकी जाड, तितका तो ताण पुढच्या भागाकडे जाणार. वेल्डरने नेमकं तेच करून ठेवलं होतं.

क्रॅश गार्डचा एक बोल्ट उसना घेतला, आटे पेट्रोलने पुसले, जाड वॉशर आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावून हेडची पट्टी आवळली. लाल थ्रेडलॉक नेऊ नका, रस्त्यात उघडावं लागलं तर तापवल्याशिवाय सुटत नाही. सायलेन्सरच्या हेडकडच्या नटांना निळंही नको, उष्णतेने निकामी होतं. मग सायलेन्सरचे सगळे बोल्ट ढिले केले आणि क्रमाने आवळले: आधी हेडकडचे, मागचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. ब्रॅकेटचं भोक जुळवायला सायलेन्सर रेटावा लागत असेल, तर तो पुन्हा तुटणार, लिहून ठेवा. पुढचे जवळपास सातशे किलोमीटर काहीही तुटलं नाही.

क्लच केबलचं प्रकरणही तसंच. ती लिव्हरपाशी, तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या मण्याच्या तोंडाशी तुटते. कारण मणी लिव्हरमध्ये फिरत नाही, कोरडा पडून अडकतो, आणि दर वेळी तार त्याच जागी वाकते. नवी केबल टाकूनही तेच होणार. मण्याला ग्रीस लावा. दुसरी केबल निघण्याआधीच जुनीच्या शेजारून टेप लावून ओवून ठेवा. अंधारात टाकीखालून केबल ओवायची वेळ माझ्यावर आली, तुमच्यावर येऊ नये.

वेगाचं गणित मी फार उशिरा मनावर घेतलं. वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा हिसका आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार हजारांऐवजी छत्तीसशेवर चालवलं तर हिसका जवळपास एक पंचमांशाने कमी होतो. दहा टक्के वेग सोडायला जीव का जातो कळत नाही. माझाही जात होता.

शेवटचे दोन दिवस सुंदर गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त नेलपॉलिशची बाटली बरोबर घ्या. महत्त्वाच्या प्रत्येक नटावरून बोल्टवर एक रेघ ओढा. रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारली की कुठली रेघ तुटली ते दिसतं. माझी हेडच्या पट्टीवरची रेघ अजून सरळ आहे. मागच्या ब्रेकच्या लिव्हरवरची मात्र काल सरकलेली दिसली, उद्या तो उघडायचाय.