रिओमधला एक दिवस आणि डोंगरावरचे पाणी

दहावीच्या भूगोलात २०१८ पासून भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवून शिकवले जातात आणि त्या पुस्तकाची सुरुवातच क्षेत्रभेटीने होते. सोलापुरातल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मी हा विषय शिकवला. अमेझॉनचे खोरे, ब्राझीलची उच्चभूमी, किनाऱ्यालगतचा अजस्र कडा हे सारे भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने दाखवताना, ज्या देशाबद्दल आपण इतक्या खात्रीने बोलतो त्याची माती आपण पाहिलेली नाही, ही जाणीव मनात सतत असे. मुलगी नोकरीनिमित्त साओ पावलोला गेली आणि गेल्या वर्षी श्रावणात मला आणि माझ्या यजमानांना तिथे जाण्याचा योग आला, तेव्हा रिओ दी जानेरो पाहायचे ते क्षेत्रभेटीसारखेच पाहायचे, हे मी सोलापुरातून निघतानाच ठरवले होते.

साओ पावलोहून विमानाने तासाभरात रिओला पोहोचता येते. तिथे दिवसभराच्या सहलीसाठी मोठ्या बसगाड्या असतात आणि त्या स्वस्तही पडतात. परंतु पूर्वी एका परदेश प्रवासात अशा बसने फिरण्याचा अनुभव मी घेतला होता. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, छायाचित्रे आणि पुन्हा बस, असा तो दिवस होता आणि मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळाले नव्हते. म्हणून या वेळी फक्त आमच्या दोघांसाठी गाडी आणि मार्गदर्शक ठरवावा, असा आग्रह मी धरला. मुलीने चौकशी केली तेव्हा समजले की ब्राझीलमध्ये पर्यटन मार्गदर्शक हा १९९३ च्या कायद्याने मान्य केलेला व्यवसाय असून मार्गदर्शकाची नोंदणी पर्यटन मंत्रालयाकडे असावी लागते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी सकाळी आठ वाजता कोपाकबानातल्या हॉटेलात आल्याबरोबर गळ्यातले ओळखपत्र स्वतःहून दाखवले. आम्हाला आकारलेले शुल्क माणशी नव्हते, गाडीसह पूर्ण दिवसाचे होते आणि प्रवेशाची तिकिटे निराळी होती. कोणी जाणार असेल तर हा हिशेब आधी स्पष्ट करून घ्यावा.

ठरल्याप्रमाणे आम्ही आधी कोर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा पाहणार होतो. परंतु गाडीत बसण्यापूर्वीच बाईंनी डोंगराकडे बोट दाखवले. माथा ढगात पूर्ण बुडालेला होता. दुपारपर्यंत ढग विरतील, तोवर आपण शहराच्या जुन्या भागात जाऊ, असे त्यांनी सुचवले आणि दिवसाचा क्रम तिथल्या तिथे बदलला. त्याच वेळी त्यांनी मला विचारले की या शहरात तुम्हाला सर्वांत अधिक काय पाहावेसे वाटते. समुद्रकिनारा, पुतळा, पाओ दी आसुकार सुळक्यावरचा रज्जुमार्ग अशी नेहमीची उत्तरे त्यांना अपेक्षित असावीत. मी म्हटले, समुद्राच्या काठावर वसलेल्या एवढ्या मोठ्या शहराला पिण्याचे पाणी कुठून मिळत आले, ते मला पाहायचे आहे.

या प्रश्नामागे सोलापूर होते. आमचा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. शहराला भीमेवरच्या उजनी धरणातून पाणी येते आणि नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. पाणी येण्याच्या दिवशी घरातली सगळी भांडी, टाक्या, पिंपे भरून ठेवण्यात आमच्या पिढीतल्या बायकांचे आयुष्य गेले. जिथे जाईल तिथे पाण्याचा माग काढण्याची मला सवय आहे आणि त्या सवयीमुळेच हा दिवस इतका भरून आला.

बाईंनी गाडी थेट लापा भागात नेली. तिथे पांढऱ्याशुभ्र कमानींची एक प्रचंड दुमजली रांग शहराच्या मधोमध उभी आहे. १७५० मध्ये पूर्ण झालेला हा कारिओका जलसेतू. त्याची लांबी सुमारे २७० मीटर असून वरखाली मिळून ४२ कमानी आहेत. कारिओका नदीचे पाणी डोंगरावरून शहरातल्या कारंज्यापर्यंत आणण्यासाठी तो बांधला गेला आणि लोक तिथे येऊन घागरी भरून नेत. १८९६ पासून याच कमानींवरून सांता तेरेसा टेकडीकडे जाणारी ट्राम धावते. रिओच्या रहिवाशांना आजही ‘कारिओका’ म्हणतात, ते याच नदीच्या नावावरून. शहराच्या नावातली नदी मात्र खरी नाही. १ जानेवारी १५०२ रोजी पोर्तुगीज खलाशी इथे पोहोचले आणि ग्वानाबारा उपसागराच्या मुखाला नदी समजून त्यांनी ‘जानेवारीची नदी’ असे नाव दिले, असे सांगितले जाते. सोलापूरकराला जानेवारी म्हटले की सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवते. पाण्यात उभे असलेले ते मंदिर मला त्या कमानींखाली स्पष्ट दिसले आणि मी बाईंना फोनवरचे त्याचे छायाचित्र दाखवले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हा तलाव खोदवला अशी आमच्याकडे श्रद्धा आहे, हे सांगितल्यावर त्यांनी ते छायाचित्र बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले.

तिथून बंदराजवळच्या वालोंगो धक्क्यावर गेलो. या ठिकाणाबद्दल मी वर्गात कधी काही सांगितले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटते. रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, ओबडधोबड दगडांची फरसबंदी उघडी पडलेली आहे. १८११ मध्ये बांधलेल्या या धक्क्यावर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसे उतरवली जात आणि त्यांची संख्या सुमारे ९ लाख असावी असा अंदाज आहे. पुढे हे दगड बुजवून वर नवे बांधकाम झाले. २०११ मध्ये बंदर परिसराच्या नूतनीकरणात ते पुन्हा सापडले आणि २०१७ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. बाई इथे फार बोलल्या नाहीत. त्यांनी आम्हाला कठड्याशी उभे केले, वर्षे सांगितली आणि त्या मागे सरकून थांबल्या. बसच्या सहलीत असा थांबा मिळाला नसता.

दुपारी ढग हलले. कॉस्मे व्हेल्यो इथून दातेरी रुळावर चालणारी गाडी वर जाते. ही रेल्वे सम्राट दुसरे पेद्रू यांच्या काळात, १८८४ मध्ये सुरू झाली, म्हणजे पुतळ्याच्या कितीतरी आधी, आणि पुतळ्याचे साहित्य पुढे याच रेल्वेने वर गेले. जवळूनच कारिओका नदी वाहते, परंतु आज तिचा बहुतेक प्रवाह जमिनीखालून जातो, म्हणून बाईंनी रस्त्याकडेला तिचा उघडा राहिलेला एक लहानसा भाग मुद्दाम दाखवला.

पुतळ्याबद्दल सर्वांनाच माहिती असते, म्हणून थोडक्यात लिहिते. सुमारे ७१० मीटर उंचीच्या डोंगरावर ३० मीटरचा पुतळा उभा असून पसरलेल्या हातांचा विस्तार २८ मीटर आहे. तो काँक्रीटचा असून वरून शंखजिऱ्याच्या लहान त्रिकोणी तुकड्यांनी मढवलेला आहे. हे तुकडे आधी कापडावर चिकटवून मग पुतळ्यावर बसवले, असे बाईंनी सांगितले तेव्हा माझे यजमान, ज्यांचे उभे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेले, पहिल्यांदाच पुढे झाले आणि कापड कोणते, विणकर कोण, असे प्रश्न विचारू लागले. पुतळ्याचे लोकार्पण १२ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले. ही तारीख ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच वर्षीच्या १२ जानेवारीला सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे, फासावर गेले. पृथ्वीच्या दोन टोकांवर एकच वर्ष किती निराळे असू शकते, हे इतिहासाच्या पुस्तकात कधी शेजारी शेजारी लिहिलेले नसते.

वरून समोर पाओ दी आसुकारचा सुळका दिसत होता. ‘पाओ’ म्हणजे आपला पावच. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला, तसेच चावी, बादली, बटाटा हेही. ‘आसुकार’ म्हणजे साखर. ऊस गाळून साखर शंकूच्या आकाराच्या साच्यात ओतत, त्या साखरेच्या शंकूवरून सुळक्याला हे नाव पडले. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या आम्हाला ते समजायला वेळ लागला नाही. बाईंनी विचारले, आता तिकडे रज्जुमार्गाने जायचे की डोंगरामागच्या जंगलात? दोन्हींना वेळ पुरणार नव्हता. आम्ही जंगल निवडले आणि त्या निर्णयाचे समाधान मला अजून वाटते.

त्याआधी जेवण झाले. तो श्रावणी सोमवार होता आणि मला उपवास होता. ताटातले अन्न वजन करून पैसे घेणाऱ्या एका खाणावळीत यजमानांनी भात आणि काळ्या घेवड्याची उसळ घेतली, अर्थात ती मांस न घालता शिजवली आहे ना, हे बाईंनी आधी विचारून घेतले. शाकाहारी माणसाने तिथे हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. माझ्यासाठी त्यांनी तापिओका सांगितली. ओलसर पांढरे पीठ गरम तव्यावर पसरले की ते आपोआप धरते आणि त्याचे धिरडे होते, मग आत खवलेला नारळ घालून ते दुमडतात. हे पीठ कसाव्याच्या कंदाचे असते आणि आपला साबुदाणाही त्याच कंदापासून होतो. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आमच्या शेंगाचटणीतला भुईमूगही मूळचा त्याच खंडातला. बरोबर नेलेल्या पुडीतली चटणी बाईंनी चाखली आणि उरलेली पुडी मी त्यांनाच दिली.

तिजुकाच्या जंगलात गाडी शिरली तेव्हा हवा एकदम गार झाली. उंच झाडे, त्यांवर वेली, ओल्या खडकांवर शेवाळ आणि मधूनच वाहत्या पाण्याचा आवाज. हे पावसाचे मूळ अरण्य असावे असे कोणालाही वाटेल. परंतु यातला मोठा भाग माणसांनी लावलेला आहे. या उतारांवरची झाडे कॉफीच्या मळ्यांसाठी, लाकडासाठी, कोळशासाठी तोडली गेली. मुळे गेली तशी माती धरून ठेवणारे काही उरले नाही, पाऊस उतारावरून तसाच वाहून जाऊ लागला, झरे आटले आणि ज्या डोंगरातून जलसेतूला पाणी येई त्या डोंगरातच पाणी उरले नाही. त्या काळी राजधानी असलेले हे शहर तहानले. तेव्हा सरकारने मळ्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि १८६१ पासून मेजर मानुएल गोमेस आर्शेर यांच्या देखरेखीखाली वृक्षलागवड सुरू झाली. तेरा वर्षांत सुमारे १ लाख झाडे लावली गेली. १९६१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि आज त्याचा विस्तार सुमारे ४० चौरस किलोमीटर आहे.

मी हे ऐकत कास्कातिन्याच्या धबधब्यासमोर उभी होते. पाणलोट क्षेत्र, मृदेची धूप, भूजल पुनर्भरण हे शब्द मी इतक्या वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिले असतील! तिथे ते सगळे एका डोंगराच्या रूपाने समोर होते आणि कड्यावरून खाली येणारे पाणी ऐकू येत होते. आमच्या भागात उघडे माळ आणि कोरडे ओढे पाहून लोक म्हणतात की हे असेच असायचे. तसे असायलाच हवे असे नाही, हे आता मी नातवंडांच्या वयाच्या मुलांना डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यानिशी सांगू शकते. परतीच्या वाटेवर मला फणसाची झाडे दिसली आणि आनंद झाला, परंतु बाईंनी समजावले की आशियातून आलेला फणस इथे इतका पसरला की स्थानिक झाडांना जागा उरेना, म्हणून उद्यानाला त्याची वाढ आवरावी लागते. आपल्या कोकणातले लाडके झाड परक्या मातीत त्रासदायक होते, हाही एक पाठच होता.

संध्याकाळी कोपाकबानाच्या काळ्यापांढऱ्या दगडी लाटांच्या पदपथावर थोडे चाललो. चार किलोमीटरचा तो किनारा सुंदर आहे. वाळूवर बसायला तिथले लोक टॉवेल घेत नाहीत, कांगा नावाचे पातळ रंगीत कापड अंथरतात. यजमानांनी एक विकत घेतले आणि उजेडाकडे धरून त्याची वीण पाहिली.

कोणी जाणार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हिसाइतकाच पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला महत्त्वाचा आहे. ब्राझीलहून भारतात परतताना तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच दाखला ग्राह्य धरला जातो. आम्ही पुण्याला जाऊन लस घेतली होती.

जंगलात असताना मी बाईंना एक प्रश्न विचारला होता. मेजर आर्शेर यांचे नाव कळले, पण खड्डे कोणी खणले, रोपे कोणी उचलून नेली? त्या म्हणाल्या, सुरुवातीला सहाच माणसे होती आणि ती गुलाम होती. गुलामगिरी संपायला तेव्हा आणखी सत्तावीस वर्षे होती. त्यांची नावे टिकून आहेत, मी तुम्हाला पाठवते. रात्री हॉटेलात फोनवर त्यांचा संदेश आला. क्षेत्रभेटीच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर, धबधब्याच्या कच्च्या आकृतीखाली, मी ती देवनागरीत उतरवून घेतली: एलेउतेरिओ, कॉन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो, मारिया.